एमेटचा उजवा हात

पहाटे साडेचारला एमेट रॅडके गिरणीच्या धक्क्यावर हजर असे. कॅन्ससमधल्या आमच्या गावात पशुखाद्याची ही एकच गिरणी. मी तिथे मुकादम होतो. साडेआठपर्यंत तो पन्नास पौंडांची पोती ट्रकवर चढवायचा, मग गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजला जायचा. तिथे तो बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, होता.

पोती तो फक्त डाव्या खांद्यावर घ्यायचा. उजवा हात मोकळा.

"नवरीला जपावं तसा हात जपतोय," व्हर्न हिणवायचा. तो आमच्याकडचा सगळ्यात जुना हमाल.

"नवरी गेली तर दुसरी मिळते, व्हर्नदादा. तुम्हाला दोनदा मिळालीच की. हात कुठून आणू?"

असं एकाच खांद्यावर वाहूनही त्याची पोती कुणापेक्षा कमी भरली नाहीत. मी मोजत असे.

त्या वसंतात राज्य विद्यापीठाचा प्रशिक्षक त्याला बघायला येणार होता. संघात घेतलं तर पुढच्या दोन वर्षांची फी माफ. एमेटला दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारी दोन सामने लागोपाठ असतात. पहिल्यात तो पिचर. दुसऱ्यात मैदानात उभा राहून लांबून बेसवर चेंडू फेकायचा. एका शनिवारी मी मागच्या बाकावर बसून मोजलं. सोमवारी त्याला विचारलं.

"परवा किती फेकलेस?"

"ब्याण्णव. कोचनी शंभराची हद्द घातलीय."

"मी एकशे ऐंशीपर्यंत मोजले. पुढे कंटाळा आला."

"तुम्ही हात गरम करायचे धरलेत, डावांच्या मधले धरलेत, दुसऱ्या सामन्यातलेपण धरलेत. ते कुणी धरत नाही."

"कोपर धरतं."

तो हसला. कॉफीचा कप त्याच्या डाव्या हातात होता. उजवं कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं.

"दुखतंय ना? सांग कोचला."

"सांगितलं की बाकावर बसवतील. एकच शनिवार राहिलाय, बॉस."

त्या शनिवारी गरम मलम चोळून, गोळ्या घेऊन तो उतरला. विद्यापीठाचा प्रशिक्षक वेग मोजायचं यंत्र घेऊन जाळीमागे बसला होता. चार डाव चांगले गेले. पाचव्यात एक चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून जाळीत गेला. एमेटने कोपर धरलं आणि कुणी बोलवायच्या आत मैदानाबाहेर चालू लागला. जाळीमागच्या माणसाने यंत्र पेटीत ठेवलं.

कोपराच्या आतल्या बाजूचा, हाडं जोडणारा बंध तुटला होता. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया नाही केली तरी रोजची सगळी कामं जमतील, फक्त जोरात फेकता येणार नाही. केली तर वर्षभर सामना नाही, आणि पुढची खात्री कुणी देत नाही.

"मग कापून घेतोस कशाला?" मी म्हणालो. "इथे कायमची जागा देतो."

"पोत्यांना डावा पुरतो, बॉस. उजवा मला फेकायला हवाय."

विद्यापीठाचा फोन आला नाही. तिथे खोली घ्यायला एमेटने दीड वर्षाची मजुरी बाजूला टाकली होती. विम्याने अर्धा खर्च दिला, उरलेला त्या मजुरीतून गेला. डॉक्टरांनी त्याच्या मनगटातला एक बारीक स्नायुबंध काढून कोपरातल्या तुटलेल्या बंधाच्या जागी बसवला.