मनी शोभा रडस नही

सोमवारी सकाळी धुळ्याच्या दवाखान्यात शोभाअक्कासाठी चाळीस हजार अनामत भरली. काउंटरपाशी मी, दाजी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी कल्याणी, असे तिघे होतो. डॉक्टरांनी विचारलं, "इतके महिने पोटात दुखत असणार. बाई काहीच बोलल्या नाहीत?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आतड्याचा कर्करोग पसरला होता. पुढचा सोमवार अक्काने पाहिला नाही.

अक्का माझी थोरली बहीण. ती आठेक वर्षांची असताना आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माय चुलीवर मांडे करत होती. तापलेल्या खापराला अक्काचा हात लागला आणि कोपराखालची कातडी सोलून निघाली. शेजारच्या बाया धावत आल्या. अक्का ओठ दाबून उभी. माय सगळ्यांना तिच्या अहिराणीत सांगत सुटली, "मनी शोभा रडस नही." माझी शोभा रडत नाही. पुढे घरी पाहुणा आला की ही गोष्ट निघायची आणि अक्का आपणहून बाही वर करून डाग दाखवायची. मी इंजेक्शन पाहूनच भोकाड पसरणारा. "हाऊ तं निस्ता रडका शे," माय म्हणायची. मला त्या डागाचा हेवा वाटे... आता हिशेब मांडतो तेव्हा कळतं, मी रडका, म्हणून माझं दुखणं प्रत्येक वेळी वेळेवर कळलं. अक्काला मात्र आमच्या घरात दुसऱ्या कशासाठी शाबासकी मिळाल्याचं मला आठवत नाही. जी मिळाली ती तिने जपली. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावरही तिने घरादाराच्या भाकरी थापल्या आणि मग दवाखान्यात गेली. माय हेही कौतुकाने सांगायची.

गेल्या दिवाळीत ती पिंप्राळ्याला आमच्याकडे आली होती. जेवता जेवता पोटाशी हात धरून थांबली. माझी बायको म्हणाली, "ताई, डॉक्टरला दाखवून येऊ."

"अपचन आहे गं. रडायचं खातं तुझ्या नवऱ्याकडे, माझ्याकडे नाही."

आम्ही सगळे हसलो...

अक्काचं सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी कल्याणी पंगतीत वाढत होती. मायने तिला जवळ ओढलं आणि जमलेल्या बायांना म्हणाली, "देखा, मायसारखीच शे. डोयामा पानी नही."

मी म्हटलं, "माय, तिला रडू दे."

माय गोंधळली. "मी तं चांगलंच म्हनं ना, बापा?" ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणीला आमच्या घरी आणलं. रात्री ती मायजवळ झोपली. सकाळी बायकोच्या लक्षात आलं, पोरगी डाव्या हाताने चमचा धरून पोहे खातेय. उजवं मनगट टम्म सुजलेलं. पंगती उठल्यावर मोठं पातेलं उचलताना ती घसरून पडली होती आणि कोणाला बोलली नव्हती. "का गं?" बायकोने विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "आजी सगळ्यांसमोर म्हणाली ना, मी आईसारखी आहे..."

मायही आमच्याबरोबर रिक्षात बसली. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. एक्स-रे आणि प्लॅस्टर मिळून अठ्ठावीसशे झाले. ते मी हाडांच्या डॉक्टरांना दिले. तेवढ्यात कल्याणी हसून म्हणाली, "मामा, उगाच खर्च. फार दुखत नव्हतं." अगदी अक्काच बोलतेय असं वाटलं...

माय बाकावरून उठली.

"दुखत व्हतं," ती म्हणाली. "काल रातभर कन्हत व्हती तू. मी आयकं."

कल्याणी आजीकडे पाहत राहिली. तिचं हसू गेलं आणि ओठ थरथरायला लागले.