छत्री, फायबर आणि त्रिशला

शेलूबाजारच्या लखमीचंद शेठना कोणतीही वस्तू एकटी बघून घेता येत नसे. शेजारी दुसरी ठेवायची, दोन्ही उलटसुलट करायच्या, मगच हो म्हणायचं. कापडाच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. तेव्हा टीव्हीसाठी गच्चीवरची डिशची छत्री बरी की फायबरची वायर, या प्रश्नाने त्यांचं डोकं उठवलं यात नवल नाही.

नवल हे, की आजवर त्यांनी घरात टीव्हीचा आवाजही खपवून घेतला नव्हता. पण मुलगी त्रिशला दीक्षा घेऊन आर्यिका, म्हणजे जैन साध्वी झाली आणि तिचं दर्शन टीव्हीपुरतंच उरलं. यंदा तिच्या संघाचा चातुर्मास पार कर्नाटकात, आणि शेठच्या बायकोच्या, पानाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून प्रवास बंद. घरातल्या जुन्या, लहान टीव्हीवर धार्मिक चॅनलला तिकडचं प्रवचन दिसायचं. त्यात त्रिशला मागच्या रांगेत, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. अशात निरोप आला, की पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रवचन त्रिशलाच करणार. एकटी, समोर माईक. पानाबाईंना लेकीचा चेहरा एकदा नीट पाहायचा होता. बस, एवढंच मागणं.

शेठनी वाशीमहून भिंतभर टीव्ही आणला आणि छत्रीवर एचडीचा पॅक टाकला. ऊन असलं की चित्र लख्ख, आभाळ भरून आलं की पडदा निळा आणि वर 'सिग्नल नाही'. चातुर्मास म्हणजे पावसाळाच की! शेठनी छत्री बसवणाऱ्या भागवतला फैलावर घेतलं.

"पाणी आलं का थे असंच करते, काकाजी," भागवत म्हणाला. "मी काय ढग धरून ठेवू?"

मग शेठनी फायबर ओढून घेतलं. ते पावसाला भीत नव्हतं, जेसीबीला भीत होतं. रस्त्याच्या कडेला कोणी नाली खोदायला घेतली की शेठच्या पडद्यावर अंधार. वायर शाबूत असली तर चित्र मध्येच थिजायचं आणि पडद्यावर चकरी फिरत बसायची. एकाचाही भरवसा नाही, म्हणून दोन्ही ठेवलं. दोन हातांत दोन रिमोट घेऊन बसलेले शेठ पाहून पानाबाईंना हसू यायचं. शेठना येत नव्हतं.

प्रवचनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी त्यांनी पक्की परीक्षा घेतली. क्रिकेटच्या चॅनलवर मैदानाचं गवत मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. धार्मिक चॅनल लावलं, तर छत्रीवर धूसर आणि फायबरवरही तेवढंच धूसर. पुन्हा भागवतला बोलावणं गेलं. त्याने कपाळाला हात लावला.

"काकाजी, थे चॅनल एचडीत येतच नाही. बोअरलेच पाणी नाही, अन् तुमी मोटरी बदलून राह्यले."

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"तुमी म्हणे एचडी पाह्यजे. कायच्यासाठी, थे कुठं सांगतलं?"

शेठचा तिळपापड झाला, पण बोलणार कोणाला? जन्मभर ताग्याला तागा लावून पाहिला, आणि या वेळी सूतच तपासायचं राहिलं.

रविवारी पाऊस कोसळत होता. छत्री केव्हाच गप्प झाली होती. फायबरवर त्रिशला आली. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिच्छी. धूसर, पण मोठी. तिने मान वर केली, ओठ उघडले, आणि चकरी फिरू लागली. चित्र थिजलं.

"आग लागो या कंपनीले!" शेठनी तक्रारीचा नंबर लावला.

"अवो, थांबा न." पानाबाई वॉकर सरकवत टीव्हीपाशी गेल्या.

दीक्षेनंतर मायबापही लेकीला नावाने हाक मारत नाहीत, माताजी म्हणतात, तिच्यापुढे हात जोडतात. पानाबाईंनी हा नेम एकदाही मोडला नव्हता. पण आज समोरचा चेहरा हलत नव्हता, ऐकत नव्हता. त्यांनी पडद्यावरच्या गालाला बोटं लावली.

"त्रिशे, एका वक्ताच्या जेवणावर किती सुकली वं तू."

फोनवर कंपनीतली मुलगी विचारत होती, "सर, काय तक्रार आहे?"

"काही नाही, बाई," शेठ पडद्याकडे बघत म्हणाले. "राहू द्या तसंच."

पण चकरी थांबली, चित्र हलू लागलं. त्रिशलाचा आवाज घरभर झाला. पानाबाईंनी हात झटकन मागे घेतला, वॉकर मागे सरकवला, डोक्यावर पदर ओढला.

"वंदामि, माताजी."

पाऊस कोसळतच होता, फायबर अगदी सुरळीत चाललं होतं, आणि लखमीचंद शेठना त्याचा कधी नव्हे इतका राग आला.