नाव एका पानावर, जात दुसऱ्यावर

भाताच्या आवणीचे दिवस होते. मुलीचा शाळेतून फोन आला, की हेडमास्तर सर आज आहेत, उद्याचं सांगता येत नाही. मी खाचरातून तशीच शाळेत गेले. नळावर हातपाय धुतले, तरी नखांतला चिखल निघाला नाही. ऑफिसात मी हात पदराखाली धरून उभी राहिले.

मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता, राखीव जागेवर. जागा टिकवायची तर जात पडताळणीचा अर्ज शनिवारच्या आत दाखल व्हायला हवा होता. आम्ही बौद्ध, पण कागदाला जुनी जात लागते, आणि तिचा पुरावा जितका जुना तितका बरा. माझे सासरे लहानपणी याच शाळेत थोडे दिवस बसले होते. त्यांचं नाव जुन्या रजिस्टरात होतं. सरांनी हाताने उतारा लिहून दिला होता, पण तो चालला नाही. सेवा केंद्रात सांगितलं, मूळ पान स्कॅन करून आणा, मोबाईलचा फोटो घेत नाहीत.

सरांनी रजिस्टर उघडलं तेव्हा सगळं टेबल भरलं. डाव्या पानावर नाव आणि बापाचं नाव, त्याच ओळीत पुढे उजव्या पानावर जात, गाव, शाळा सोडल्याची तारीख. शाळेतलं छपाईचं, झेरॉक्सचं आणि स्कॅनचं मिळून एकच मशीन. त्याची काच साध्या कागदाएवढी. डावं पान काचेवर ठेवलं की उजवं बाहेर लोंबायचं.

"ताई, ही बाजू धरा," सर म्हणाले. "खाली सोडू नका, शिवण तुटेल."

हात बाहेर काढावेच लागले. मी श्वास रोखून उभी राहिले. काचेखालून उजेड सरकत गेला. स्क्रीनवर सासऱ्यांच्या नावाशेजारी माझा अंगठा आला.

शाळा समितीचे अध्यक्ष बाकावर चहा घेत बसले होते. ते म्हणाले, "अंगठा बी आला. सही झाली म्हना."

सर हसले. मीही हसल्यासारखं केलं. मुलगी हसली नाही.

पुन्हा ठेवलं. आडवं केलं तर वरचे रकाने कापले गेले. रजिस्टर मधोमध ठेवलं तर शिवणीपाशी काळी पट्टी आली, बापाचं नाव आणि जात आली, सासऱ्यांचं स्वतःचं नाव गेलं. झाकण मिटत नव्हतं, म्हणून सर त्यावर दोन्ही हातांनी दाबत होते. शिवणीचा एक दोरा तुटला. त्यांनी लगेच हात काढले.

अध्यक्ष म्हणाले, "इतकी वर्सं जात सुटना, अन् आता घावंना व्हय?"

"जात घावलीय, बाबा," मुलगी त्यांना म्हणाली. "नाव घावंना."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि ते निघून गेले.

सरांनी सांगितलं, संगमनेरला मोठं मशीन आहे, त्यावर एका वेळी दोन्ही पानं येतील. पण रजिस्टर कोणाच्या हातात देता येत नाही. ते स्वतः नेतील, सोमवारी.

"सर, शनिवारी मुदत संपते," मुलगी म्हणाली.

"कळतंय गं मला. पण आता उद्यापासून प्रशिक्षणाला जायचंय. आणि हे हरवलं तर माझी नोकरी जाईल."

मी हळूच म्हटलं, "सर, आज शाळा सुटल्यावर?" त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

शेवटी दोन पानांची वेगवेगळी स्कॅनं घेतली. खाली सरांनी लिहिलं, की दोन्ही नोंदी एकाच ओळीतल्या आहेत, आणि शिक्का मारला. ते जोडून भरलेला अर्ज शुक्रवारी परत आला. मुलीने मोबाईलवरचं मोठ्याने वाचलं: नाव व जात एकाच पानावर दिसत नाही. मग मोबाईल पालथा ठेवला. कॉलेजने सांगितलं, अर्जाची पावती आणा, नाहीतर ओपनची फी भरा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

सरांनी शब्द पाळला. सोमवारी स्वतः एसटीने संगमनेरला गेले आणि कागद घरी आणून दिला. नाव, बापाचं नाव, जात, सगळं एका ओळीत, स्वच्छ. मुलीने त्यांना चहा करून दिला.

आता ती तालुक्याला एका दवाखान्यात आया म्हणून जाते. शौचाची भांडी काढते, चादरी बदलते. तिथे तिच्याच वयाच्या मुली नर्सिंग शिकायला येतात. परवा जेवताना म्हणाली, त्या सलाईनची सुई लावायला शिकतात तेव्हा मी मागे उभी राहून बघते. सिस्टर हाकलतात, मग परत जाते.

"नुसतं बघून काय येतं?" मी म्हटलं.

"येतं की," ती म्हणाली. "पण मला कोण करू देतंय."