उजव्याची काच डावीकडे

चष्मेवाल्याने जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. आता पाच तास पोट धरून तो कठड्याला टेकला होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, बरं झालं, हीच लायकी आपली. खिशात एक नवा चष्मा होता.

चष्मा होता बेटाच्या पार टोकाला राहणाऱ्या शिंपीणबाईंचा. वर्षापूर्वी मुलासोबत त्या शहरात आल्या होत्या. उजवा डोळा धडधाकट, डावा पार अधू. चष्मेवाल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून दुकानाच्या कार्डावर नंबर उतरवताना घाईत डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे लिहिला आणि काचाही तशाच बसवल्या. घरी पोचून बाईंनी फोन केला, "भाऊ, सगळं धुरकट दिसतंय हो." त्याने कार्ड न बघताच धंद्यातलं ठेवणीतलं वाक्य फेकलं, "नवा नंबर आहे मावशी, सवय होईल. काढायचा मात्र नाही." पुन्हा फोन आला नाही. गिऱ्हाईक गप्प म्हणजे खूश, असा त्याचा हिशोब.

परवा कपाट आवरताना ते कार्ड हाती लागलं. चिठ्ठी टाचलेलीच होती. दोन्हींवरचे नंबर उलटसुलट होते. बायको म्हणाली, "पोस्टाने पाठवा की." पण पार्सल पाठवलं की तोंड दाखवावं लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंडाने कबूल करायचं ठरवूनच तो निघाला.

बोटीनंतर बस, दिवसातून एकदाच जाणारी. ती संपली तिथे समुद्राला लागून एकच रस्ता, नारळाची झाडं आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेले पत्रे. बाई भिंत चाचपडत दारात आल्या. चष्मा इमानाने नाकावर होता. कोपऱ्यातलं शिलाई मशीन चादरीखाली झाकलेलं.

"डोळेच गेले हो. वय झालं," त्या म्हणाल्या.

त्याने तो जुना काढून त्यांना नवा चष्मा चढवला. "अगंबाई!" बाईंनी नखं पाहिली, मशीनची सुई पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. "एवढ्या लांब आलात माझ्यासाठी? देवमाणूस हो तुम्ही!"

इथे गप्प बसता आलं असतं. चहा पिऊन, आशीर्वाद घेऊन सुटता आलं असतं. मोह झालाच त्याला.

"मावशी, वयाचं काही नाही. काचा मी उलट्या बसवल्या होत्या."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"मी तर रात्री दिवा मालवल्यावरच काढायचे. दिवसा काढून ठेवला असता तर?"

"उजव्याने स्वच्छ दिसलं असतं."

तो शिव्यांची वाट बघत मान खाली घालून उभा राहिला. शिव्या आल्या नाहीत.

"आमचे हे चार महिन्यांपूर्वी गेले," बाई म्हणाल्या. "शेवटी महिनाभर उशाशी बसून होते मी. चेहरा पुसट दिसायचा. मला वाटायचं, रडून होतंय."

त्या भिंतीवरच्या फोटोसमोर गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. "आता नीट दिसतोय ना फोटो?" त्याने कसंबसं विचारलं.

"दिसतोय की," बाई म्हणाल्या. "पण हा लग्नातला आहे. म्हातारपणीचा एकही काढला नाही आम्ही."