वामनभाऊंची दोन सेलची बॅटरी

वामनभाऊ गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं. मुलचेऱ्याजवळच्या ज्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो, तिथल्या जुन्या शिपायाचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला होता. ठेवता ठेवता तो म्हणाला, "आपला रेडिओवाला गेला ना सर, तुमाले मालूम नाई?" चंद्रपूरच्या घरात मी पेपर वाचत बसलो होतो. मला कुणीच कळवलं नव्हतं... आणि का नाही, याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

वामन गेडाम आठवडी बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे, पुढे टीव्ही, मग मोबाइल. माझ्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांचा जीव मात्र रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांत. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल आणि बांबूच्या कामट्या यांतून ते अख्खं विमान उभं करायचे. खरी कसोटी पुढे असायची, आत काय बसवायचं याची. सोनाराकडून आणलेल्या जुन्या काट्यावर ते प्रत्येक वस्तू तोलत. मोटर, पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा हलवणारे बोटाएवढे सर्व्हो, मोटरला बॅटरीचा करंट बेताने पुरवणारा कंट्रोलर, वायरचा तुकडासुद्धा. एखादा सर्व्हो चार ग्रॅमने जड निघाला तर तो बाजूला ठेवून नागपूरहून दुसरा मागवायचे आणि पावसाळ्यात पार्सल अडकलं तर निमूटपणे थांबायचे. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? म्हणाले, "लोक मोटर घेते आन् मंग तिच्यासाठी इमान बनवते. मी इमानालेच विचारतो, बाबा, तुले किती झेपते?" मी हसलो होतो. सायंकाळी शाळेच्या मैदानावर त्यांचं पांढरं विमान धानाच्या बांध्यांवरून वळून परत यायचं, तेव्हा मात्र मीही मान वर करून उभा राहायचो.

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. मोठे पाहुणे येणार होते. विमानामागे शाळेचं नाव लिहिलेली लांब कापडी पट्टी फडकली पाहिजे, ही कल्पना माझी. वामनभाऊंनी पट्टी बांधून पाहिली, विमान जेमतेम उचललं गेलं. मग मोठी बॅटरी लावा, मी म्हटलं. त्यांनी हातातली दोन सेलची बॅटरी माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "गुरुजी, तीन सेलची लावली तं मोटर जास्त करंट ओढंन. कंट्रोलर तेवढा दमाचा नाई, जळून जाईन. रिमोटचं ऐकनाऱ्या आतल्या रेडिओलेही करंट त्याच्यातूनच भेटते... मंग इमान माह्या हातात राहात नाई." मोठा कंट्रोलर यायला त्यांना आठ दिवस हवे होते. माझ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. दोनच मिनिटं उडवा आणि उतरवा, एवढं बोलून मी मंडपाच्या कामाकडे वळलो. मुख्याध्यापकाला नाही म्हणणं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिली फेरी सुरेख झाली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीत मोटरचा आवाज अचानक बंद झाला आणि विमान तिरपं होऊन थेट मंडपात, बायका बसल्या होत्या तिथे घुसलं. एका म्हातारीचं कपाळ फुटलं, तीन टाके पडले. पाहुणे उठून उभे राहिले, माझ्याकडे बघू लागले. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "आम्ही वामनला आधीच बजावलं होतं, झेपेल तेवढंच लाव म्हणून. हौशी माणूस, ऐकतो कुठे."

मैदानाच्या टोकाला रिमोट धरून ते उभे होते. लाउडस्पीकर चांगला होता, त्यांनी ऐकलं.

पुढच्याच बाजारात म्हातारीच्या मुलाने त्यांना सगळ्यांदेखत दोन थपडा मारल्या. मला शाळेत बसल्या बसल्या समजलं. त्या मुलाशी बोलतो, असं मी शिक्षकांना सांगितलं. बोललो नाही. वामनभाऊंनी पुन्हा मैदानात पाय टाकला नाही. मी निवृत्त होऊन चंद्रपूरला आलो. मधल्या वर्षांत एकदाच बसस्टँडवर भेटले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. एक वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं... तेवढ्यात बस लागली. मला सुटकाच झाल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

फोननंतर आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी पाणी दिलं. दुपारी झोपेतच गेले, म्हणाल्या. मग मी सांगितलं की मोठी बॅटरी मीच लावायला लावली होती.

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं त्यायनं. मी म्हणलं, लोकायले काऊन सांगत नाई? तं म्हणे, गुरुजी सोताच सांगतीन."

मग त्यांनी मला मागची खोली उघडून दिली. आढ्याला अकरा विमानं टांगलेली होती. प्रत्येकात मोटर बसवलेली, कंट्रोलर बसवलेला, बॅटरीची जागा बेताची कापलेली. मी एकेक उलटं करून पाहिलं. जमिनीवर उतरताना विमानाच्या पोटाला गवताचे हिरवे ओरखडे पडतात. अकरांपैकी एकाच्याही पोटावर ओरखडा नव्हता.