नाळ नसलेला उतार

पडदा वर जातो. खाली गढूळ मे साला नदी, वर जंगलाचा उभा उतार, आणि उताराच्या मध्यावर कोयता घेतलेली सत्तर वर्षांची सेपॉ. समोर तिचाच गाव, लाल झालेल्या डोळ्यांनी.

आम्ही कॅरेन लोक बाळाची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालून झाडाला बांधतो. ते झाड तोडायचं नाही, नळकांडं उघडायचं नाही. त्यात लेकराचा जीव असतो. सेपॉ सुईण. खोऱ्यातली अशी सगळी झाडं तिला तोंडपाठ. म्हणूनच सरकारी पाहणीदार पीचेत तिला बरोबर घेऊन फिरे. कुठली जमीन टिकेल, कुठली खचेल, ते ठरवून नकाशात रंग भरायचे.

या उतारापाशी ती त्याला म्हणाली होती, "इथं एकही नाळ नाही. सरकत्या मातीवर लेकराचा जीव कोण बांधेल? लाल भर."

लाल म्हणजे हात लावायचा नाही. उताराखाली आमची चाळीस घरं.

मक्याच्या ठेकेदाराला तोच उतार हवा होता. आठवड्यात तिथल्या झाडांवर बारा नळकांडी लटकली. दुसऱ्या कुणाचं बाळ असेल, असं ज्यानं त्यानं धरलं. नाळा आहेत म्हणजे माती पक्की, ती बारा झाडं सोडून बाकी उतार मोकळा, असं म्हणत पीचेत तर रंग बदलायला उतारावरच आला.

सेपॉनं कोयत्यानं पहिलं नळकांडं फोडलं. ते गडगडत झाडीत गेलं.

"वहिनी, पोरं मारतेस?" तिचा दीर थॉदी किंचाळला.

"बारा पोरं, थॉदी? सगळी सुईणीला चुकवून जन्मली? तुझी बायको शिंकली तरी मला बोलावतोस!"

कुणीतरी हसलं. तिनं दुसरं फोडलं आणि पहिला दगड तिच्या कपाळावर बसला. थॉदीनं काठी घातली. हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिनं कोयता डाव्या हातात घेतला, तिसरं फोडलं. मग तिघांनी तिला लाथांनी तुडवलं. मी पाच पावलांवर होतो. हललो नाही.

तिसरं नळकांडं पीचेतच्या पायाशी पडलं होतं. त्यातून कोंबडीचं सडकं आतडं बाहेर आलं. थॉदीच्या हातून काठी गळली.

नकाशात तो उतार लालच राहिला, पण ते तिला कळलं नाही. दुपारपर्यंत ती गेली. जाण्याआधी, तिथं मातीत पडल्या पडल्या, तोंडातलं रक्त थुंकून ती एवढंच म्हणाली :

"अजून नऊ आहेत. माझा हात मोडलास ना थॉदी, आता तू फोड."