शेवटच्या घावाआधीची हाळी

मंडळी, आज सकाळी जामसरच्या रस्त्याकडेला वाळलेलं ऐनाचं झाड पाडत होते. यंत्राची करवत पाहिली आणि आजोबा आठवले.

जव्हार संस्थान होतं तेव्हा ते जंगलात लाकूडतोडीला जायचे. शेवटच्या घावाआधी मुकादम कुऱ्हाडी थांबवायचा आणि एकेकाला नावाने हाळी द्यायचा. सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय पुढचा घाव नाही. एकदा एकाची ओ येईना, म्हणून सगळे दुपारपर्यंत बसून राहिले. गडी ओढ्यात खेकडे धरत होता! हे सांगताना आजोबा पोट धरून हसायचे.

मी करवतवाल्याला म्हटलं, "आधी हाक तरी मार."

"काका, कोण नाय तिकडं."

माझं डोकंच फिरलं. मीच ओरडलो, "कोण हाय का पलीकडं?"

झुडपातून बाईचा आवाज आला, "मी हाय ना! काटक्या येचते."

करवत बंद झाली. करवतवाल्याने करवत खाली ठेवली. ती बाई रस्त्यावर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "मावशी, तुझ्यासंगं अजून कोण हाय?"

तुमच्या कामावर तुमची ओ ऐकायला कुणी थांबतं का हो?